वकिलांचं ग्रंथालय आता कसं चालतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वकील संघ, विधी महाविद्यालयं आणि मोठ्या लॉ ऑफिसांच्या ग्रंथालयांत काउंटरवर रोज तेच प्रश्न येतात. विचारणारे तीन प्रकारचे: ज्युनिअर वकील, विद्यार्थी आणि वर्गणीच्या बिलावर सही करणारे पदाधिकारी. तिघांच्या शंका वेगळ्या असल्या तरी उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सगळी एकाच पानावर ठेवली आहेत. इथे कायदेशीर सल्ला मिळणार नाही. तो देण्याचा ग्रंथपालाला अधिकार नाही, आणि हौसही नाही.

सगळी जजमेंटं मोबाइलवर मिळतात. मग कपाटं भरून खंड कशाला ठेवता?

कारण खंड आमचे आहेत. डेटाबेस हे भाड्याचं घर आहे. वर्गणी थकली की किल्ली परत. १९५८ साली घेतलेला खंड आजही उघडतो, त्याला पासवर्ड लागत नाही आणि नूतनीकरणाचा ईमेलही येत नाही.

तरीही पूर्वीसारखं सगळंच घेणं आता परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. जुन्या विधी ग्रंथालयात एकाच निकालाच्या चार-चार प्रती असत. अधिकृत इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासूनची, बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासूनचा, नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टरचे खंड १९१४ पासूनचे, सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत रिपोर्ट्स १९५० पासूनचे आणि लखनौहून निघणारं एससीसी (सुप्रीम कोर्ट केसेस) १९६९ पासूनचं. त्यात महाराष्ट्र लॉ जर्नल आणि विषयवार मासिकांची भर. निकाल एकच, पण समोरचा वकील कुठलं सायटेशन (निकाल कुठल्या मालिकेत, कुठल्या पानावर आहे तो संदर्भ) देईल याचा नेम नसल्यामुळे सगळ्या मालिका ठेवाव्या लागत. शोध ऑनलाइन झाल्यावर हे कारण उरलं नाही.

म्हणून बहुतेक ग्रंथालयांनी नवे अंक घेताना एक-दोन मालिकाच चालू ठेवल्या आणि बाकीच्या थांबवल्या. जुने खंड मात्र ठेवले. आमच्या मते हा निर्णय बरोबर आहे. थांबवलेली मालिका पुन्हा सुरू करता येते. रद्दीत गेलेला १९२० चा खंड परत मिळणं कठीण, आणि मिळालाच तर कसर लागलेला.

रद्दीत नेमकं काय काढता?

दुसरी-तिसरी प्रत, परीक्षेची गाइडं, जुन्या सीडी. शेवटच्या गोष्टीचं जरा वाईट वाटतं. दोन हजारच्या दशकात ग्रंथालयांनी सीडीवरच्या डेटाबेसवर बरेच पैसे घातले होते. आज ते सॉफ्टवेअर कुठल्याही चालू संगणकावर उघडत नाही आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. त्याच कपाटातली शंभर वर्षांपूर्वीची चामडी बांधणीची पुस्तकं मात्र अजून वाचता येतात. बोटांना तांबडी भुकटी लागते, एवढंच.

कॉमेंटरीच्या, म्हणजे कायद्याचा कलमवार अर्थ सांगणाऱ्या पुस्तकांच्या, जुन्या आवृत्त्या आम्ही काढत नाही. नवी आली की जुनी फेका, असा आग्रह पदाधिकारी दरवर्षी धरतात. पण १९८० साली झालेल्या खरेदीखताचा वाद आज उभा राहिला, तर त्या वेळी कलम कसं होतं आणि न्यायालयं त्याचा काय अर्थ लावत होती, हे त्या काळच्या आवृत्तीत सलग वाचायला मिळतं. नव्या आवृत्तीत लेखकाने तो भाग बहुधा गाळलेला असतो.

आयपीसी तर गेला. त्याचे बेअर अॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) अजून पुढच्या रॅकवर का?

आयपीसी (भारतीय दंड संहिता), फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाले. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला आयपीसीच लागतो, आणि त्या तारखेला चालू असलेले खटले जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणेच पुढे जातात. जिल्हा न्यायालयातली प्रलंबित प्रकरणं पाहता १८६० चा आयपीसी पुढची कित्येक वर्षं हाताशी लागणार. म्हणून दोन्ही संच शेजारी-शेजारी ठेवले आहेत आणि भिंतीवर कलमांचा तुलनात्मक तक्ता लावला आहे. तक्त्याचा फोटो काढून घ्या; तक्ताच काढून नेऊ नका. असं झालेलं आहे.

खरी गंमत शोधताना होते. जुन्या संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार; एफआयआर रद्द करून घ्यायला लोक त्याखाली जात. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो आधी ४३८ मध्ये होता. अंगभूत अधिकार आता ५२८ मध्ये गेले. डेटाबेसमध्ये नुसतं ‘४८२ क्रिमिनल’ टाकलं की दोन्हींची खिचडी समोर येते. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, आणि न्याय संहितेचं ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे. त्यामुळे शोधताना कलमासोबत कायद्याचं नाव द्या आणि निकालाच्या तारखेची चाळणी लावा. तारखेवरही पूर्ण विसंबू नका. २०२५ मध्ये दिलेला निकाल २०१९ च्या गुन्ह्याचा असू शकतो.

निकाल न्यायालयाचा, म्हणजे जनतेचा. मग खासगी कंपनीला पैसे कशाचे द्यायचे?

निकालाच्या मूळ मजकुराचे नाहीत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे न्यायालयाने मनाई केलेली नसेल तर निकाल कुणालाही छापता येतो. पैसे असतात त्यावर केलेल्या कामाचे.

याची हद्द सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात आखून दिली. निकाल डिसेंबर २००७ चा, आणि एससीसीच्या २००८ च्या पहिल्या खंडात तो पहिल्याच पानावर आहे. एससीसी काढणाऱ्या कंपनीची तक्रार अशी, की प्रतिस्पर्ध्यांनी आमचे संपादित निकाल उचलून सीडीवर घातले. न्यायालय म्हणालं, मूळ निकाल सर्वांचा. पण निकालाचे परिच्छेद पाडणं, त्यांना क्रमांक देणं, कुठले न्यायमूर्ती सहमत आणि कुणाचं मत वेगळं हे दाखवणं, यात संपादकाचं कौशल्य आहे आणि त्याला संरक्षण मिळेल. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर दिलेला सारांश, तर संपादकाचंच लेखन.

एखादा निकाल पुढे कुणी मान्य केला, कुणी आपल्या प्रकरणाला लागत नाही म्हणून वेगळा ठरवला, कुणी फिरवला, याची नोंद ठेवण्याचं काम सगळ्यात महाग आणि सगळ्यात उपयोगी. अमेरिकेत शेपर्ड्सने १८७३ पासून हाच धंदा केला. फिरवलेलं जजमेंट भर कोर्टात वाचणाऱ्या वकिलाचा चेहरा एकदा पाहिला की वर्गणीबद्दलची कुरकुर आपोआप कमी होते.

मग फुकटच्या साइट वापरूच नयेत का?

जरूर वापरा, आम्हीही वापरतो. इंडियन कानून २००८ पासून आहे आणि पहिला शोध तिथे घ्यायला काहीच हरकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आपले अधिकृत रिपोर्ट्स ई-एससीआर म्हणून सर्वांना मोफत खुले केले. ग्रंथालयांच्या अर्थकारणाला गेल्या काही वर्षांत याहून मोठा दिलासा मिळालेला नाही. केंद्रीय कायद्यांसाठी सरकारची इंडिया कोड साइट आहे. तिथे एखादी ताजी दुरुस्ती चढायची राहिली असू शकते, म्हणून राजपत्राशी ताडून पाहायची सवय ठेवा.

त्याच काळात न्यूट्रल सायटेशनही आलं. आता निकालाला न्यायालयच क्रमांक देतं, प्रकाशक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला वर्ष, आयएनएससी आणि क्रमांक; मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाला वर्ष, बीएचसी आणि पुढे शाखेची खूण: अपिलीय शाखेसाठी एएस, मूळ शाखेसाठी ओएस, नागपूरसाठी एनएजी, औरंगाबाद खंडपीठासाठी एयूजी. सव्वाशे वर्षं सायटेशन म्हणजे प्रकाशकाचं नाव आणि पान असंच समीकरण होतं. ते सैल झाल्यामुळे ग्रंथालयाला पहिल्यांदाच कंपनीसमोर ‘नको, राहू दे’ म्हणता येतं.

कंपायलेशन (न्यायालयात द्यायचा निकालांचा संच) करताना प्रत अधिकृत ठिकाणची लावा, आणि समांतर, म्हणजे त्याच निकालाचं दुसऱ्या मालिकेतलं, सायटेशन असेल तर तेही लिहा. समोरच्या वकिलाकडे जुनी मालिका असते, आणि न्यायमूर्तींसमोरही असू शकते.

डेटाबेसचा पासवर्ड व्हॉट्सअॅपवर का पाठवत नाही?

करार मोडतो म्हणून. बहुतेक वर्गण्या एकतर ग्रंथालयाच्या आयपी पत्त्यावर, म्हणजे इथल्याच इंटरनेट जोडणीवर, चालतात किंवा एका वेळी ठरावीक जणांनाच आत सोडतात. पासवर्ड ग्रुपवर गेला की संध्याकाळी पाचला, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा बोर्ड (सुनावणीच्या प्रकरणांची यादी) लागायच्या वेळी, काउंटरवर बसलेल्या ज्युनिअरलाच प्रवेश मिळत नाही. आणि एकाच खात्यावर रात्रभर धडाधड डाउनलोड दिसली की कंपनी खातं गोठवते.

वर्गणी दरवर्षी का वाढते? यंदा कमी करून घ्या ना.

करून घेतो, पण त्यासाठी आधीच्या वर्षी तयारी करावी लागते. पूर्वी ग्रंथपालाचं कसब वर्गीकरणात दिसायचं; आता ते कराराच्या कागदात दिसतं, आणि पदाधिकाऱ्यांनी तो कागद सही करण्याआधी आमच्याकडे पाठवला तर फार बरं होईल.

एका कंपनीने आमच्या ओळखीच्या एका बार लायब्ररीला पहिल्या वर्षी इतका कमी दर दिला, की समितीने छापील मालिका बंद करून टाकली. तिसऱ्या वर्षी दर दुप्पट. तोवर शेल्फवर दोन वर्षांचं भगदाड पडलेलं, त्यामुळे होकार देण्यावाचून पर्याय नव्हता. त्या करारात वार्षिक वाढीला कमाल मर्यादा नव्हती आणि नूतनीकरण आपोआप होणार होतं. दोन्ही गोष्टी चौथ्या पानावर बारीक अक्षरात होत्या.

करार वाचताना आम्ही एवढं पाहतो: दरवाढीची कमाल मर्यादा काय, वर्गणी थांबली तर आधी उतरवून घेतलेलं वापरता येईल का, सभासद नसलेला पक्षकार काउंटरवर येऊन पाहू शकतो का, घरून प्रवेश मिळतो का, आणि कंपनी दरमहा वापराचा तक्ता देते का. हा तक्ता सगळ्यात कामाचा. महागडं ‘आंतरराष्ट्रीय पॅकेज’ वर्षभरात कुणी उघडलंच नाही हे त्यातूनच कळतं, आणि पुढच्या बैठकीत आवाज जरा चढवता येतो.

पुस्तकाच्या पाठीवरचं प्रकाशकाचं नाव सारखं का बदलतं?

कंपन्या एकमेकींना विकत घेतात म्हणून. नागपूरचं वाधवा हे नाव कायद्याच्या पुस्तकांवर पिढ्यान्‌पिढ्या होतं. मग त्याच्या पुढे लेक्सिसनेक्सिस बटरवर्थ्स लागलं आणि पुढच्या आवृत्त्यांत लेक्सिसनेक्सिस एवढंच उरलं. जागतिक पातळीवरही हेच चाललंय. कायद्याच्या डेटाबेसांपैकी लेक्सिस १९७३ चं, वेस्टलॉ १९७५ चं. दोन्ही आता बहुराष्ट्रीय माहिती कंपन्यांच्या हातात आहेत. वेस्टलॉची मालक थॉमसन रॉयटर्स हिने २०२३ मध्ये केसटेक्स्ट ही एआयवर चालणारी कंपनी ६५ कोटी डॉलरना घेतली. कॅटलॉगमध्ये आम्ही प्रकाशकाची जुनी-नवी नावं जोडून ठेवतो, म्हणजे कुणी ‘वाधवाचं पुस्तक’ मागितलं तरी सापडतं.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आल्यावर हे सगळं फुकट होणार ना?

बार लायब्ररीला नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची ही योजना मंजूर केली. ती सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि संशोधन संस्थांसाठी असून तिचा भर संशोधन नियतकालिकांवर आहे. सरकारी विधी महाविद्यालयाला तिचा उपयोग आहे. वकील संघ त्यात बसत नाही.

एआयला विचारलं, त्याने पाच जजमेंटं दिली. शोधून द्याल?

देऊ, पण आधी ती अस्तित्वात आहेत का ते पाहू. हल्ली काउंटरवर येणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये हा नवा प्रकार आहे. पक्षकारांची नावं अस्सल वाटतात, वर्ष जुळतं, खंडही खरा असतो. पण त्या पानावर भलताच निकाल, कधी भलत्याच राज्याचा. न्यूयॉर्कमध्ये माटा विरुद्ध एव्हिअँका या प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निकाल न्यायालयात दाखल केले, आणि जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला. दंडापेक्षा बदनामी मोठी झाली.

आमची पद्धत साधी आहे. आधी सायटेशनवरून खंड उघडायचा, छापील असेल तर छापीलच. पक्षकारांची नावं जुळली, तर तुम्ही म्हणता ते वाक्य निकालात खरंच आहे का ते शोधायचं. वाक्य सापडलं, तर ते न्यायालयाचं म्हणणं आहे की न्यायालयाने नोंदवलेला एका बाजूचा युक्तिवाद, हे पाहायचं. एआय इथे हमखास घसरतं: ‘अपिलार्थीचं म्हणणं असं की’ हे शब्द गळून जातात आणि हरलेल्या बाजूचा मुद्दा न्यायालयाचा म्हणून समोर येतो. शेवटी तो निकाल पुढे फिरवला गेलाय का, हे तपासायचं. एका निकालाला कधी पाच मिनिटं लागतात, कधी अर्धा तास.

एआय वापरूच नका, असं आमचं म्हणणं नाही. लांबलचक निकालाचा पहिला आराखडा काढायला, शोधशब्द सुचवायला ते चांगलं आहे. पक्षकाराची कागदपत्रं मात्र कुठल्याही मोफत साधनात टाकू नका. वकील-पक्षकार गोपनीयतेचं कलम पुरावा कायद्यात १२६ होतं, साक्ष्य अधिनियमात १३२ आहे.

यात धंद्याचा भागही आहे. अमेरिकेत वेस्टलॉच्या हेडनोट्स वापरून रॉस इंटेलिजन्स या कंपनीने एआय तयार केलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये डेलावेअरच्या न्यायालयाने तो वापर ‘फेअर यूज’मध्ये, म्हणजे परवानगीशिवाय चालणाऱ्या वापरात, बसत नाही असं ठरवलं. मोडक प्रकरण आठवेल: वाद पुन्हा संपादकाच्या मेहनतीचाच, फक्त सीडीच्या जागी एआय आलं.

मराठीत शोधता येतं का?

थोडंफार. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजी, म्हणून डेटाबेसही इंग्रजीत. तालुका-जिल्हा पातळीवर मात्र साक्ष, दस्त, सातबारा सगळं मराठीत. सर्वोच्च न्यायालय सुवास या सॉफ्टवेअरच्या मदतीने निकालांचे भारतीय भाषांत अनुवाद करून घेतं. त्यांत मराठीही आहे. पक्षकाराला समजावून सांगायला ते बरे पडतात, युक्तिवादासाठी मूळ इंग्रजीच लावा. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश काउंटरवरच आहे.

एक गोष्ट हमखास नडते. राज्यातल्या बऱ्याच कायद्यांच्या नावातलं ‘बॉम्बे’ काढून ‘महाराष्ट्र’ करण्यात आलं. कुळकायदा, पोलीस कायदा, दारूबंदी कायदा, सगळ्यांची नावं बदलली. पण १९६५ च्या निकालात ‘बॉम्बे टेनन्सी’च लिहिलेलं आहे. नव्या नावाने शोधलं की निम्मी जजमेंटं गायब होतात. दोन्ही नावांनी शोधा.

इंटरनेटवर अजिबात मिळत नाही असं तुमच्याकडे काय आहे?

हा प्रश्न कुणी विचारला की बरं वाटतं.

जुनी राजपत्रं आहेत. केंद्राच्या राजपत्राची छपाई ऑक्टोबर २०१५ पासून थांबली आणि ते फक्त ई-राजपत्र म्हणून निघू लागलं. त्यानंतरचं शोधणं सोपं. त्याआधीचं, विशेषतः राज्याचं, बरंचसं जिथे बांधून ठेवलंय तिथेच मिळतं. पुनर्विकासाच्या प्रकरणांत याची किंमत कळते. मुंबईत विकास नियंत्रणाच्या नियमावल्या १९६७ च्या, १९९१ च्या आणि त्यानंतर २०३४ पर्यंतच्या आराखड्याच्या. उर्वरित राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० पासूनची एकत्रित नियमावली. इमारतीचा नकाशा १९९४ साली मंजूर झाला असेल, तर वाद त्या दिवशी लागू असलेल्या नियमाचा. १९९१ च्या नियमावलीत मधल्या काळात दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्या. बाजारातल्या पुस्तकात शेवटची दुरुस्ती असते. १९९४ ची स्थिती हवी तर जुनी आवृत्ती आणि राजपत्र जोडून वाचावं लागतं. ज्या दिवशी एखादी अधिसूचना सापडते, त्या दिवशी वकीलसाहेब स्वतः चहा सांगतात.

गोव्याच्या सहकाऱ्यांचं काम याहून अवघड. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक कायदा अजून जिवंत आहे. तो गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मिळकतीलाही लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जोझे पाउलो कुटिन्हो प्रकरणात सांगितलं. म्हणजे वारसाहक्काच्या वादात मुंबईतल्या फ्लॅटसाठी मुंबईच्या वकिलालाही ती संहिता उघडावी लागू शकते.

मग सगळं स्कॅन करून साइटवर का टाकत नाही?

लेखक हयात असेल किंवा त्याच्या निधनाला ६० वर्षं झाली नसतील, तर पुस्तकाचा कॉपीराइट चालू असतो. सरकारी प्रकाशनांना प्रसिद्धीपासून ६० वर्षं, पण राजपत्र आणि निकालांना कलम ५२ ची सूट आहे. म्हणून स्कॅनिंगची सुरुवात राजपत्रापासून करतो आणि त्यातही कागद तुटायला आलेल्या वर्षांपासून. पुस्तक उताणं ठेवून वरून फोटो घेणारं यंत्रच वापरावं लागतं. साध्या मशीनवर पालथं दाबलं की शिवण जाते. देवनागरीतली अक्षरओळख छापील मजकुरावर चांगली चालते, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईतली जोडाक्षरं आणि पुसट काने-मात्रे चुकतात. म्हणून शोधासाठी अक्षरओळख आणि वाचायला पानाचं चित्र, असं दोन्ही ठेवतो.

कंपायलेशन उद्या सकाळी हवंय. कधीपर्यंत येऊ?

चारच्या आत. यादीत पक्षकारांची नावं, वर्ष आणि न्यायालय लिहून आणा. नुसतं ‘ते चेक बाउन्सचं नवीन जजमेंट’ आणलंत तर कलम १३८ खाली कपाट भरेल इतकी आहेत. सायटेशन एआयकडून घेतलं असेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे आम्ही आधी तपासणीला बसू. झेरॉक्सचे पैसे सुटे आणा. यूपीआय चालतं, पण तळमजल्यावर रेंज नसते.